मर्तिकाच्या सामानाचं दुकान नव्याने मांडताना

मर्तिकाचं सामान घ्यायला घरचं माणूस सहसा येत नाही. येतो शेजारचा, मेव्हणा, ऑफिसातला सहकारी, नाहीतर गल्लीतल्या मंडळाची दोन पोरं. ‘जा, तिरडीचं सामान घेऊन ये’ एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. काय-काय आणायचं ते सांगणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसतं. या सामानाचा भाव करू नये हे लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून सांगाल ती रक्कम मुकाट्याने देतात. आणि तिरडीचं उरलेलं घरात नेत नाहीत, दुकानदारही ते परत घेत नाही, त्यामुळे जास्त घेतलं तर वाया आणि कमी पडलं तर सगळे खोळंबून उभे.

यादी नाही, घासाघीस नाही, परतीची सोय नाही. असं गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल. म्हणूनच या धंद्यात लबाडी करणं फार सोपं आहे आणि नीट मांडणी करायला फारसं कोणी बसत नाही. आमचं दुकान साताऱ्यातलं, वडिलांनी बांबूच्या वखारीला जोडून काढलेलं. गेली काही वर्षं मी ते हळूहळू बदलत आलो. असं दुकान नव्याने टाकणाऱ्याला, किंवा बापाचं चालवत असलेल्याला, कामी येईल ते इथे क्रमाने मांडतो.

आधी एक वही

काहीही विकत घेण्याआधी, रंगरंगोटीच्याही आधी, शंभर पानी वही आणा. दोनच रकाने आखा. गिऱ्हाइकाने तोंडाने काय मागितलं, आणि अर्ध्या-एक तासाने कोणीतरी परत पळत आलं ते कशासाठी. नाव-गाव लिहायचं नाही, त्याची गरज नाही.

दोन महिन्यांत दुसरा रकाना बोलायला लागतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा निघाली ती काडेपेटी. सामान पाच-सहाशे रुपयांचं आणि अडलं काडेपेटीवर! आताच्या घरात सिगारेट ओढणारा नाही, गॅसला लायटर. त्याखालोखाल सुटी नाणी आणि पाण्याचं छोटं मडकं. महाग वस्तू कोणी विसरत नाही, विसरतात ते बारीकसारीक.

तीन पिशव्या

पूर्वी आम्ही सगळं एका गोणपाटात कोंबून द्यायचो. घरी पोचल्यावर ते अंगणात ओतायचं आणि चार जण वाकून ‘गुलाल कुठाय, राळ कुठाय’ करत बसायचे. घरात रडारड चाललेली, आणि बाहेर ही शोधाशोध.

आता वस्तू लागतात त्या क्रमाने तीन पिशव्यांत भरतो. पिशवी जाड खाकी कागदाची, कारण ती चितेवर गेली तरी चालते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहेच. पिनाही मारत नाही, कागदी पट्टीने बंद करतो. पिशवीवर बोटभर उंचीच्या अक्षरात एकच शब्द छापलेला असतो.

पहिलीवर ‘घरी’. तिच्यात अंघोळ घालताना आणि तिरडी बांधताना लागणारं सगळं: पाच मीटर मांजरपाट, सुतळी, कापूस, तुळशीची माळ, गंगाजलाची कुपी, हळद-कुंकू, गुलाल, बुक्का, उदबत्ती, रबरी हातमोज्यांचे दोन जोड. हातमोजे कोविडनंतर घालायला लागलो. तेव्हा जुनी मंडळी नाराज झाली, आता तीच मागून घेतात.

दुसरीवर ‘वाटेवर’. लाह्या, चुरमुरे, आणि एक रुपयाची वीस नाणी. नाण्यांचे वीसच रुपये लावतो, वर काही नाही. मोबाइलवर पैसे फिरवायच्या या दिवसांत मध्यरात्री वीस सुटी नाणी कोणाकडेही सापडत नाहीत, म्हणून बँकेतून थैली आणून ठेवावी लागते. तो थोडा उपद्‌व्याप आहे, पण करा.

तिसरीवर ‘स्मशानात’. कापूर, राळ, तूप, काळे तीळ, आणि दोन काडेपेट्या. दोन अशासाठी, की पावसाळ्यात एक हमखास सादळलेली निघते. मडकी मात्र पिशवीत घालू नका. विस्तवाचं मोठं मडकं शिंकाळ्यासकट आणि पाण्याचं लहान, दोन्ही वेगळी हातात द्या. देण्याआधी मडक्यावर टिचकी मारून आवाज ऐका. बद्द वाजलं तर चीर गेलेली आहे, निखारे पडले की ते वाटेतच उकलेल.

प्रत्येक पिशवीला आतल्या वस्तूंची यादी बाहेरून चिकटवा. अक्षर मोठं ठेवा. यादी वाचणारा बहुतेक वेळा साठीचा, रात्रीचा आणि चष्मा घरी विसरलेला असतो. यादी कॉम्प्युटरवर मांडून देणाऱ्या कोरेल ड्रॉवाल्याने मला सुरुवातीला ओम, पणती आणि करड्या ढगांची सुंदर पट्टी करून दिली होती. ती काढायला लावली.

सवाष्ण गेली असेल तर हिरवी साडी, चुडा, ओटीचं सामान लागतं. ते चौथ्या, वेगळ्या पुडक्यात ठेवा आणि विचारूनच द्या. इथे दुकानदाराने शहाणपण शिकवायचं नाही. काही घरं हे सगळं करतात, काही मुद्दाम करत नाहीत, आणि दोघांशी बोलताना आपला चेहरा सारखाच राहिला पाहिजे.

तिरडी

खरी कारागिरी इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बांबू किमान तीन वर्षांचा हवा. कोवळा हिरवागार बांबू दिसायला छान, पण वाळताना चुरमडतो आणि त्यातल्या पिठूळपणामुळे भुंगा लवकर लागतो. आमच्याकडे दोन तऱ्हेचा येतो. जवळपासचा कळक, पोकळ आणि काटेरी. आणि सिंधुदुर्गातला माणगा, जवळजवळ भरीव, सरळ, बिनकाट्याचा. तिरडीच्या दांड्याला माणग्यासारखा बांबू नाही. खांद्याला टोचत नाही, वाकतो पण मोडत नाही. महाग पडतो हे खरं, पण दांडे दोनच लागतात. 2017 साली कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला, तेव्हापासून शेतकऱ्याच्या बांधावरून थेट उचलणं सोपं झालं. वखारीत बांबू उभा, सावलीत आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवा. आडवा रचला की खालचा थर वाळवीचा.

माप: दांडे साडेसात फूट, आडव्या काठ्या सव्वादोन फुटांच्या सात. एकाच बांबूचे दोन दांडे काढू नका, एक जाड आणि एक बारीक येतो, मग तिरडी एका अंगाला कलते. दोन बांबू शेजारी ठेवून कापा. दोन्ही बुडांची एक जोडी, दोन्ही मधल्या भागांची दुसरी. बुडाची जोडी वजनदार माणसासाठी राखून ठेवा. आडव्या काठ्या वेगळ्या, बारीक बांबूच्या घ्या.

आता सुतळी. काही वर्षांपूर्वी स्वस्त आणि मजबूत म्हणून मी नायलॉनची दोरी द्यायला सुरुवात केली. एकदा चौकात, खांद्यावर असतानाच पायाकडची काठी सरकली. खांदेकऱ्यांनी सावरलं, पुढे काही झालं नाही. पण त्या गर्दीत मी होतो, आणि दोरी माझ्या दुकानातली होती. नायलॉन तुटत नाही, पण गुळगुळीत बांबूवर घसरतं. तागाची सुतळी पाण्यात बुडवून बांधली की गाठ सैल पडत नाही. चौदा सांध्यांना प्रत्येकी सव्वा मीटर, वरून बांधायला बारा मीटर, म्हणजे तीस मीटर झाले. पस्तीसची गुंडी द्या.

तिरडी बांधून विकायची की सुटी? बाजारात तयार तिरड्या मिळतात, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यांची वापरून परत करायची पद्धतही ठिकठिकाणी आहे. मी बांधून विकत नाही. मागितली तर बांधून देतो, पण पुढे करत नाही. आपल्याकडे माणूस गेलं की बायका आत बसतात आणि पुरुष अंगणात नुसते उभे राहतात, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नाही. तिरडी बांधायला घेतली की त्यातल्या सहा-सात जणांना काम मिळतं. कोणी सुतळी भिजवतो, कोणी गाठ मारतो, एखादा म्हातारा ‘अशी नव्हे, फुली मार’ म्हणून दरडावतो. हे त्यांच्याकडून काढून घेऊ नये असं माझं मत आहे.

पण ज्यांना येत नाही त्यांनी कशी बांधायची? त्यासाठी दांड्यांवर आधीच खाचा पाडून ठेवा. सात खाचा, अर्ध्या सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जास्त खोल नेल्या तर दांडा तिथेच मोडेल. डोक्याकडच्या टोकाला गेरूचं बोट ओढा आणि फुलीच्या गाठीची तीन चित्रं ‘घरी’च्या पिशवीवर छापा. आयटीतली पोरंसुद्धा वीस मिनिटांत बांधतात, पाहिलंय मी.

आणि परीक्षा घ्या. वाळूची पोती भरून सव्वाशे किलो वजन होऊ द्या, ती तिरडीवर टाका आणि चौघांनी उचलून जिन्याने वर-खाली करा. दुकानातल्या फरशीवर टिकलेली तिरडी जिन्याच्या वळणावर कुरकुरते.

जिना आणि लिफ्ट

तिरडीची मूळ मापं वाड्याच्या चौकातली आणि गावाच्या वेशीतली आहेत. फ्लॅटच्या जिन्याचं वळण साडेसात फूट लांबीला नाही म्हणतं. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये ती आडवी मावतच नाही. मग तिसऱ्या मजल्यावरून चादरीत गुंडाळून, कोणी बगलेत धरून, कोणी पाय धरून खाली आणतात. ते दृश्य घरचे आयुष्यभर विसरत नाहीत.

यावर तोडगा साधा आहे. जाड कॅनव्हासची साडेसहा फूट बाय अडीच फुटांची झोळी, दोन्ही बाजूंना चार-चार कड्या शिवलेल्या, खालून आडव्या तीन पट्ट्या. आठ जण धरतात, वळणावर ती माणसाबरोबर वळते. तिरडी खाली, इमारतीच्या दारात बांधायची. झोळी आम्ही विकत नाही, अनामत न घेता वापरायला देतो. परत आली की गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकतो. ‘परत नेऊ नये’ म्हणणारे भेटतात. त्यांना सांगायचं, ही झोळी तिरडीची नव्हे, दवाखान्याच्या स्ट्रेचरसारखी आहे. दुकानात मागायला येणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: कितवा मजला, आणि लिफ्ट आहे का.

जळणार काय आणि वितळणार काय

दुकानातल्या वस्तूंची एकदा अंगणात काडी लावून तपासणी करा. शाल म्हणून विकतो त्याचा धागा ओढून पेटवा. राख झाली तर सूत. काळा, कडक मणी राहिला तर पॉलिएस्टर. माझ्याकडच्या ‘सिल्क’च्या भगव्या शाली सगळ्या मणीवाल्या निघाल्या. प्लास्टिकची फुलं, जरीच्या झालरी, थर्माकोलची कमान यांचंही तेच. हा माल दिसायला भरगच्च आणि नफ्याला बरा असतो, म्हणून सोडवत नाही. मी सोडला. त्या जागी मांजरपाट, हातमागाचा पंचा आणि खऱ्या झेंडूचा हार ठेवला, आणि खप काही पडला नाही.

स्मशान कोणतं, हेही विचारून घ्या. विद्युत किंवा गॅसदाहिनी असेल तर नारळ, काचेच्या कुप्या, धातूच्या वस्तू काढून ठेवाव्या लागतात, आणि बांबू आत घेतात की नाही तेही विचारा. लाकडाच्या चितेला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागतं. काही ठिकाणी ते विकत घ्यावंच लागत नाही: मुंबईत महापालिकेच्या स्मशानांत लाकूड मोफत मिळतं, कोल्हापुरात पंचगंगेकाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या. तिथे तर होळीच्या सुमाराला लोक शेणी दान करतात. तुमच्या गावात नगरपालिका किंवा ट्रस्ट काय फुकट देतं ते चौकशी करून दुकानात ठळक लिहून लावा. गिऱ्हाइकाने एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरू नयेत. आपलं चार पैशांचं नुकसान होईल, होऊ दे.

तिथेच आणखी एक ओळ लिहा: छातीत पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांकडून काढून घ्या. आतली बॅटरी उष्णतेने फुटते. दाहिनीचं नुकसान होतं आणि जवळच्या माणसाला इजा होऊ शकते. ऐन वेळी हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

कागदांचंही तेच. दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना 4 मध्ये, घरी झाला तर 4-अ मध्ये, शिवाय गेलेल्याचं आणि नेणाऱ्याचं ओळखपत्र. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची. अपघात, आत्महत्या असा प्रकार असेल तर पोलिसांशिवाय पुढे जायचं नाही. एवढं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापा आणि पहिल्या पिशवीत टाका.

भाव

एकच भाव, पाटीवर लिहिलेला. रात्री तीनला जो तोच सकाळी अकराला. खरेदी, कामाची मजुरी, मोडतोड आणि वर पाचवा हिस्सा, असा आमचा हिशोब. संचाची एकूण रक्कम वर लिहा आणि खाली प्रत्येक वस्तूची वेगळी. ज्याला फक्त मडकं आणि सुतळी हवी त्याला तेवढंच मिळालं पाहिजे. ‘साधी’, ‘मध्यम’ आणि ‘खास’ असे तीन संच करून पाहू नका. मी करून पाहिलं. समोरचा माणूस साध्याकडे बोट दाखवायला लाजतो, आणि खास घेऊन जातो. विक्री वाढली, पण आपण काय करतोय ते मला कळत होतं. चार महिन्यांत बंद केलं.

पैसे मागू नका, पाटीखाली क्यूआर चिकटवा. हल्ली पुणे-बंगळुरूहून, कधी दुबई-न्यू जर्सीहून मुलाचा फोन येतो, तो तिथूनच पैसे पाठवतो आणि इथे शेजारी सामान उचलतो. अशा वेळी भरलेल्या पिशव्यांचा फोटो त्याला पाठवा. तो बघेल न बघेल, पण पाठवा.

आता दलालीचं. दुकान उघडून पंधरा दिवस होत नाहीत तोच कोणीतरी येतं आणि ‘पेशंट गेला की तुमचा नंबर देतो, आमचं काय ते बघा’ म्हणतं. ती टक्केवारी शेवटी मडक्याच्या भावातच चढते. मी देत नाही, म्हणून काही ठिकाणाहून माझ्याकडे कोणी पाठवत नाही. हे आधीच धरून चाला.

कायद्याचं थोडक्यात

महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दुकान वर्षभर, चोवीस तास उघडं ठेवता येतं, कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यायची. दोन-तीन माणसांच्या दुकानाला नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते. पिशव्या आधी भरून, तोंड बंद करून विकणार असाल तर 2011 चे आवेष्टित वस्तूंचे नियम लागतात: भरणाऱ्याचं नाव-पत्ता, आतला माल आणि माप, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीचा फोन. जीएसटीत अंत्यसंस्काराची सेवा, शववाहिका धरून, कराबाहेर आहे. पण कापड-कापूर-उदबत्तीची विक्री ही मालाची विक्रीच. फक्त माल, तोही राज्यातच विकत असाल आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. तरी सीएला विचारून घ्या.

दर्शनी भाग आणि बोलणं

जुन्या दुकानात आम्ही तिरडी रस्त्याकडे उभी करून ठेवायचो, जाहिरात म्हणून. समोर शाळेचा रिक्षाथांबा. आता बांबू मागे, पुढे एक बाक, पाण्याचा माठ आणि पिवळा दिवा. पांढरी ट्यूब बदला, त्या उजेडात रडून आलेला माणूस आणखी वाईट दिसतो. पाटीवर ‘अंत्यविधी साहित्य’ इतकंच. ‘मोक्ष’, ‘स्वर्गद्वार’ असली नावं पंचक्रोशीत पुरेशी आहेत. शटरला बेल आणि त्याखाली फोन नंबर, रात्री दिसेल असा.

पोऱ्याला शिकवायच्या गोष्टी थोड्याच. गिऱ्हाईक आलं की ‘या’ म्हणायचं नाही, उठून उभं राहायचं. निघताना ‘परत या’ नाही आणि ‘धन्यवाद’ही नाही. कोण गेलं, कशाने गेलं, विचारायचं नाही. वय आणि अंगलट विचारावी लागते, तेवढीच. सामान गाडीपर्यंत पोचवायचं.

इतरांचं

सगळ्या धर्मांचा एकच संच होत नाही. मुसलमानांच्या कफनाला पुरुषासाठी तीन कापडं, बाईसाठी पाच, आणि ती बहुधा जमातीतूनच मिळतात. आपण फक्त चांगलं पांढरं सुती कापड ठेवायचं. लिंगायतांत बसवून समाधी देतात, तिथे आडवी तिरडी नाही तर बसतं विमान, म्हणजे बसवून न्यायची पालखी लागते. ख्रिस्ती शवपेटीचं काम सुताराचं आहे, तुमच्या भागात वस्ती असेल तर त्याचा नंबर ठेवा. येत नसलेलं काम अंगावर घेऊ नका.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला मातीचं झाकणाचं मडकं आणि सुती पिशवी लागते, ती तयार असू द्या. तांब्याचा कलश मागितला तर द्या, पण तो पाण्यात सोडायचा नाही हे सांगून. दहाव्या-तेराव्याची यादी ज्या-त्या भटजींची वेगळी असते. ती आधी मागवून घ्या, आपल्या मनाने भरू नका.

वही अजून चालू आहे. काडेपेटी त्यातून केव्हाच गेली, नाणी गेली, मडकंही गेलं. गेल्या महिन्यात दुसऱ्या रकान्यात एकच नोंद आहे: सुतळी कापायला काही नव्हतं, शेवटी घरातली विळी बाहेर आणावी लागली. उद्यापासून ‘घरी’च्या पिशवीत एक ब्लेड, कागदात गुंडाळून.